कार्ड आलं नाही, तर पोरगा लग्नाला येऊ शकतो का?

पुसदकडच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. त्यांच्याच शब्दांत थोडक्यात देते: "ताई, माहा पोरगा जर्मनीत दवाखान्यात नर्स हाय. तिकडची परीक्षा पास झाला. तिकडं राहायच्या परवान्याच्या जुन्या कार्डाची मुदत संपली, नव्यासाठी अर्ज देऊन चार महिने झाले, हापिसातून काहीच उत्तर नाही. पोरीचं लग्न एप्रिलात हाय. तो म्हणते, 'बाबा, मले येता येत नाही.' पन त्याच्याच संगतीतला दुसरा पोरगा अशाच कागदावर दिवाळीत घरी येऊन गेला. मंग खरं काय? अमरावतीचा एक जन म्हणते, पन्नास हजार द्या, महिन्यात कार्ड काढून देतो. द्यावं का? अन् आमी इथून काय करावं?"

भाऊ, तुमचा पोरगा आणि त्याचा सोबती, दोघंही खरं बोलत असतील. दोघांकडचा कागद बहुतेक वेगळा आहे, किंवा कागद एकच आहे आणि त्यावरची खूण वेगळ्या चौकोनात आहे.

मी वर्ध्यात जर्मनीला जाणाऱ्या नर्सना भाषा शिकवते. त्याआधी तिकडेच स्थलांतरितांच्या सल्ला केंद्रात बरीच वर्षं काम केलं. घरच्यांचा प्रश्न नेहमी "कार्ड कधी येईल" हाच असतो. त्याचं उत्तर तिकडच्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसातला कारकूनही छातीठोकपणे देऊ शकत नाही. तुम्ही पोराला फोनवर वेगळं विचारा: "बाबू, आज तुझ्या हातात कोणता कागद आहे, अन् त्याच्यावर तारीख कोणती?" लग्नाला येणं, नोकरी, पगार, हे सगळं त्या कागदावर ठरतं.

जर्मनीच्या निवास कायद्यात कलम ८१ आहे. जुन्या परवान्याची मुदत संपण्याआधी नव्यासाठी अर्ज केला असेल, तर त्या कलमाच्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालूच धरला जातो. राहण्याचा हक्क तसाच राहतो आणि काम करण्याचाही. यात साहेबाची मेहेरबानी नाही, अर्ज वेळेत पोचला की हे आपोआप लागू होतं. म्हणजे कार्डावरची तारीख उलटून गेली तरी तुमचा पोरगा तिथे बेकायदा राहत नाही. पानठेल्यावर कोणी "पोट्ट्याचा व्हिसा गेला म्हनते" असं बोललं, तर त्याला एवढं सांगितलं तरी पुरे.

मात्र हा हक्क दाखवायला पुरावा लागतो. त्यासाठी ऑफिस एक घडीचा कागद देतं. त्याचं नाव फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. नाव पाठ करू नका, पोराला बरोबर कळतं. फी १३ युरो. या कागदाच्या तिसऱ्या पानावर तीन चौकोन असतात आणि त्यातल्या एकात खूण केलेली असते.

खूण तिसऱ्या चौकोनात, म्हणजे कलम ८१ पोटकलम ४ च्या ओळीसमोर असेल, तर पोरगा भारतात येऊन परत जाऊ शकतो. सोबत चालू पासपोर्ट, मुदत संपलेलं जुनं कार्ड आणि हा कागद, तिन्ही मूळ प्रती हव्यात. कागदावरची मुदत परतीच्या दिवसाच्या पुढची हवी.

खूण पहिल्या चौकोनात असेल, तर तो जर्मनीत राहीपर्यंत कायदेशीर आहे, पण एकदा देशाबाहेर पडला की त्या कागदावर परत आत जाता येत नाही. त्याला मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासातून पुन्हा पहिल्यापासून व्हिसा काढावा लागेल. असा पोरगा चार दिवसांच्या लग्नासाठी आला आणि काही महिने इथेच अडकला, तर तिकडची नोकरीही हातची जाऊ शकते.

दुसरा चौकोन उशिरा अर्ज केलेल्यांच्या वाट्याला येतो. त्याचा अर्थ एवढाच की निर्णय होईपर्यंत देशाबाहेर काढणार नाहीत. अशा माणसानं हलूच नये, आधी वकील गाठावा.

तुमचा पोरगा नर्सच्या मान्यतेसाठीच्या (म्हणजे इथलं नर्सिंगचं शिक्षण तिकडे धरलं जावं म्हणून मिळणाऱ्या) परवान्यावर होता आणि परीक्षा पास होऊन कुशल कामगाराच्या परवान्यासाठी त्यानं अर्ज केला, असं तुमच्या सांगण्यावरून दिसतं. जुनं कार्ड चालू असतानाच अर्ज गेला असेल, तर त्याची खूण तिसऱ्याच चौकोनात यायला हवी. म्हणून सगळ्यात आधी अर्जाची तारीख तपासा. एक दिवस उशीर झाला असला तरी पोटकलम ४ आपोआप लागत नाही. अडचण मोठी असेल तर अधिकारी तसा आदेश देऊ शकतो, पण तो मागावा लागतो आणि मिळेलच असं नाही.

मग तो "येता येत नाही" का म्हणतो? माझा अंदाज असा की त्याच्याकडे हा कागद अजून नाहीच. बऱ्याच ऑफिसांत आता अर्ज ऑनलाइन जातो आणि हातात फक्त ई-मेलची पोच येते. अर्ज वेळेत गेला याचा तो चांगला पुरावा आहे, कामावर दाखवायलाही उपयोगी पडतो. पण विमानाच्या काउंटरवर आणि सीमेवर नुसत्या ई-मेलवर भागत नाही. सोबत्याने कागद मागून घेतला असेल, तुमच्या पोरानं मागितला नसेल. आपली पोरं साहेबाला काही मागायला फार लाजतात. तिकडे न मागता मिळत नाही आणि मागितलं म्हणून कोणी रागावतही नाही.

तेव्हा पोरानं आत्ताच ऑफिसला एक ई-मेल लिहावा, जर्मनमध्ये, सात-आठ ओळींचा. पूर्ण नाव पासपोर्टवर आहे तसं, जन्मतारीख, अर्जाची तारीख, फाइलचा क्रमांक, आणि एकच मागणी: बहिणीच्या लग्नासाठी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत भारतात जायचं आहे, त्यासाठी पोटकलम ४ चा दाखला हवा. सोबत लग्नाचा पुरावा जोडायचा. इथे तुमचं काम येतं. पत्रिका आपण लग्नाच्या महिनाभर आधी छापतो, ती या वेळी लवकर छापा आणि एक प्रत इंग्रजीत करून घ्या. नवरीचं नाव, तारीख, गाव, आणि वडील म्हणून तुमचं नाव पोराच्या कागदपत्रांत आहे तसंच. पत्रिकेवर आपण लाडाची नावं टाकतो, "चि. सौ. कां. पिंकी" वगैरे. इंग्रजी प्रतीत आधारवरचं नाव टाका, म्हणजे बहीण कोण आणि भाऊ कोण हे परक्या माणसालाही कळेल.

कागद मिळाल्यावरच तिकीट काढायचं. माझ्या ओळखीतल्या घरांमध्ये भांडणं नेहमी इथेच होतात. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून आधीच काढून ठेवतात आणि मग त्या पैशापायी पोरावर जोर देतात की "ये कसाही". तसं करू नका. विमान मुंबई किंवा दिल्लीहून थेट जर्मनीला जाणारं घ्या, फ्रँकफर्ट किंवा म्युनिक. मध्ये पॅरिसला किंवा अॅमस्टरडॅमला विमान बदलायचं झालं, तर सीमेवरची तपासणी त्या दुसऱ्या देशाची होते आणि तिथल्या माणसाला हा जर्मन कागद ओळखीचा असेलच असं नाही. आपल्याकडच्या विमानतळावर चेक-इनच्या पोरीलाही तो माहीत नसतो. मुदत संपलेलं कार्ड पाहून ती थांबवते, वरच्याला बोलावते. म्हणून परतीच्या वेळी नेहमीपेक्षा दोन तास आधी पोचायचं आणि तिसरं पान उघडूनच समोर ठेवायचं. जुन्या कार्डासोबत एक हिरवट घडीचा पुरवणी कागद असतो, कामाच्या अटी त्यावर लिहिलेल्या असतात. तोही बॅगेत हवा.

इकडे असताना तिकडची पत्रपेटी कोण उघडणार, हेही ठरवून यायला सांगा. जर्मन ऑफिसं महत्त्वाची गोष्ट अजूनही टपालानं कळवतात. अमुक कागद अमुक तारखेपर्यंत द्या असं पत्र येतं आणि पोरगा इथे हळदीत असतो. नकाराचं पत्र आलं तर त्यावर हरकत घ्यायला एक महिना मिळतो, आणि पत्र पोचलं की तो महिना मोजायला लागतो. खोलीवरच्या एखाद्या विश्वासू सोबत्याला पत्रं उघडून फोटो पाठवायला सांगावं.

आता अमरावतीच्या माणसाबद्दल. एक रुपयाही देऊ नका. तो खोटारडाच असेल असं मी म्हणत नाही. पण पैसे घेऊन तो करणार काय, हे त्याला विचारा. कामगारासाठी जलद प्रक्रिया जर्मनीत खरोखर आहे, निवास कायद्याच्या कलम ८१ अ मध्ये, आणि एजंट लोक बहुतेक तिचंच नाव घेतात. पण ती प्रक्रिया माणूस भारतात असताना, व्हिसा मिळण्याआधीची आहे. ती नोकरी देणारा दवाखाना करतो, तिकडच्याच ऑफिसात, आणि तिची सरकारी फी ४११ युरो आहे. तिकडे राहत असलेल्या माणसाच्या नूतनीकरणाला ती लागत नाही. नूतनीकरणाची स्वतःची फी शंभर युरोच्या आसपास असते आणि ती पोरगा स्वतः भरतो. अमरावतीत बसलेल्या माणसाचा त्या फाइलवर हात पोचत नाही. पोराच्या ऑनलाइन खात्याचा पासवर्ड मागितला तर अजिबात देऊ नका. ते खातं पोराच्याच हातात राहू द्या.

नोकरीसाठी परदेशी पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली केंद्र सरकारची नोंदणी लागते आणि ती ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. गावात आणखी पोरं जायच्या तयारीत असतील, तर त्यांच्या घरी हे सांगा. २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा मनुष्यबळाचा करार झाला, तेव्हापासून तालुक्या-तालुक्यात "जर्मनीवाले" फलक लागले आहेत.

उशीर का होतो, ते थोडक्यात. परदेशी नागरिकांचं हे ऑफिस, आउसलेंडरबेहोर्डे, केंद्र सरकारचं नसतं. ते त्या त्या शहराचं किंवा जिल्ह्याचं असतं आणि देशभरात अशी पाचशेच्या वर ऑफिसं आहेत. प्रत्येकाची माणसं वेगळी, पद्धत वेगळी, रांग वेगळी. २०२२ नंतर युक्रेनमधून दहा लाखांवर लोक आले, त्यांचेही कागद याच टेबलांवरून गेले. त्यात नोकरीच्या परवान्यासाठी रोजगार खात्याची संमती लागू शकते, सुरक्षा यंत्रणांकडे चौकशी जाऊ शकते. रोजगार खात्यानं दोन आठवड्यांत उत्तर दिलं नाही तर होकार धरतात, म्हणजे अडकतं ते बहुतेक ऑफिसच्या टेबलावरच. निर्णय झाला की कार्ड बर्लिनच्या सरकारी छापखान्यात छापायला जातं आणि त्यात आणखी काही आठवडे जातात. दुसऱ्या कोणाचं कार्ड दीड महिन्यात आलं म्हणून तुमच्या पोराचं काही चुकलं असं समजू नका. तो दुसऱ्या जिल्ह्यात राहत असेल.

याच कारणानं मधल्या काळात घर बदलणं महागात पडतं. दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेला की फाइलही दुसऱ्या ऑफिसला पाठवतात. आपल्याकडे फेरफाराचं प्रकरण एका तहसीलमधून दुसरीकडे वर्ग झालं की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. खोलीचं भाडं पन्नास युरो कमी आहे म्हणून तो हलायचं म्हणत असेल, तर कार्ड हातात येईपर्यंत थांब म्हणावं.

लग्नाच्या गडबडीत तुमच्या लक्षात आली नसेल अशी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. चौथ्या पोटकलमानं जुना परवाना चालू राहतो, म्हणजे जुन्या परवान्याच्या अटीही चालू राहतात. मान्यतेच्या काळात त्याचं काम मदतनीसाचं असेल आणि पुरवणी कागदावर तसंच लिहिलं असेल, तर परीक्षा पास होऊनही नवा परवाना मिळेपर्यंत तो मदतनीसाच्याच कामावर आणि पगारावर राहू शकतो. दोन पगारांतलं अंतर मोठं असतं. डोक्यावर शिक्षणाचं किंवा जाण्याचं कर्ज असेल, तर प्रत्येक महिन्याची वाट हा खरा तोटा आहे. इथे कायद्यानं एक सोय ठेवली आहे. निर्णय होऊन कार्ड छापायचा आदेश गेला, की कार्ड हातात येण्याआधीच नवं काम सुरू करता येतं, कलम ८१ पोटकलम ५ अ प्रमाणे. फक्त तशी नोंद दाखल्यावर करून घ्यावी लागते. ही नोंद मागायची असते हे पुष्कळ पोरांना माहीतच नसतं. तुमच्या पोराला हा क्रमांक पाठवून ठेवा.

दुसरी बाजू दवाखान्याची. तिकडे नोकरी देणाऱ्याला कर्मचाऱ्याच्या परवान्याची प्रत ठेवावीच लागते. कार्डाची तारीख संपली आणि नवीन काही आलं नाही, तर मनुष्यबळ विभाग घाबरतो आणि उद्यापासून ड्युटीवर येऊ नको म्हणतो. चालू परवाना असलेल्या माणसाची ड्युटी अशी थांबलेली मी पाहिली आहे, केवळ कागद टेबलावर पोचला नाही म्हणून. तारीख संपण्याच्या आधीच अर्जाची पोच आणि दाखला तिथे देऊन ठेवायचा. तुमच्या पोराचे चार महिने निभावले आहेत, म्हणजे दवाखाना समजूतदार दिसतो. मग त्यांनाच ऑफिसला फोन करायला सांगावं. परदेशी नर्स घेणाऱ्या मोठ्या दवाखान्यांत या कामासाठी माणूस असतो आणि त्याचा फोन पोराच्या दहा ई-मेलपेक्षा लवकर लागतो.

ई-मेलचा मारा तर करूच नये. दर दोन दिवसांनी "काय झालं" असं लिहिलं की प्रत्येक पत्र कोणाला तरी वाचावं लागतं, नोंदवावं लागतं, आणि वाट पाहणारे सगळेच तसं लिहितात. एक नीट पत्र, तीन-चार आठवडे थांबून दुसरं, त्यात पहिल्याचा उल्लेख. तरी हललं नाही तर कारितास, डियाकोनी, आवो किंवा जर्मन रेड क्रॉस यांपैकी जवळचं स्थलांतरित सल्ला केंद्र गाठावं. तिथला सल्ला फुकट असतो, आणि फाइलमध्ये नेमका कोणता कागद कमी आहे हे ते लोक ऑफिसला विचारू शकतात. निम्म्या वेळा तिथेच गाठ सुटते, कारण ऑफिसनं मागितलेला एखादा कागद पोरानं दिलेलाच नसतो आणि त्याला ते पत्र समजलेलं नसतं.

शेवटचा उपाय कोर्ट. ऑफिसनं योग्य कारणाशिवाय तीन महिन्यांत निर्णय दिला नाही, तर प्रशासकीय न्यायालयात दावा लावता येतो, त्यांच्या प्रशासकीय न्यायालय कायद्याच्या कलम ७५ खाली. तुमचे चार महिने झाले आहेत, म्हणजे मुदतीच्या बाजूनं दार उघडं आहे. तरी मी लगेच त्यात उडी मारायला सांगणार नाही. आधी सगळे कागद पोचल्याची खात्री, मग वकिलाकडून मुदत घालून एक पत्र. बऱ्याचदा त्या पत्रावरच काम होतं. पहिल्या सल्ल्याची वकिलाची फी सामान्य माणसासाठी कायद्यानंच बांधलेली आहे, जास्तीत जास्त १९० युरो आणि वर कर. म्हणजे अमरावतीवाल्यापेक्षा बऱ्याच कमी पैशात पोराला तिकडचा खरा वकील भेटतो. दावा लावला तर पुढचं पोराचं नाव खराब होईल ही भीती मनातून काढून टाका. तिकडे तो रोजचा व्यवहार आहे.

"आमी इथून काय करावं?" असं विचारलंत, तर भाऊ, बरंचसं करू नका असंच सांगावं लागेल. पोराचा परवाना अडला म्हटलं की आपले लोक सेतूमध्ये रांग लावतात, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, सातबारा, सरपंचाचं पत्र, सगळं गोळा करून पाठवतात. नर्सच्या नूतनीकरणाला यातलं काही लागत नाही. त्या ऑफिसला करारनामा, पगाराच्या पावत्या, घराचा पत्ता, विमा, पासपोर्ट आणि मान्यतेचं प्रमाणपत्र पाहायचं असतं, आणि हे सगळं तिकडेच असतं.

पासपोर्टची तारीख मात्र तुम्ही जरूर विचारा. पासपोर्टच्या मुदतीच्या पुढचा परवाना तिकडे देत नाहीत. पासपोर्ट वर्षभरात संपणार असेल, तर कार्डही तेवढ्याच दिवसांचं येईल आणि पुन्हा हीच रांग. नवा पासपोर्ट त्यानं तिकडच्या भारतीय दूतावासातून काढायचा. राज्य बाडेन-व्युर्टेम्बर्ग असेल तर कोणत्या कार्यालयाकडे जायचं हे दूतावासाच्या संकेतस्थळावर आधी पाहायचं, कारण बर्लिन, फ्रँकफर्ट, म्युनिक, हॅम्बर्ग अशी हद्द वाटलेली आहे. त्या अर्जावरून कधीकधी पोलीस पडताळणी तुमच्या ठाण्याकडे येते. शिपाई घरी आला, किंवा ठाण्यात बोलावलं, तर घाबरून "पोरगा इथं राहत नाही" एवढंच बोलून मोकळे होऊ नका. तो नोकरीसाठी जर्मनीत आहे, घर हेच आहे, हे सांगा आणि त्याच्या जुन्या पासपोर्टची प्रत जवळ ठेवा. घर बंद असलं आणि "पत्त्यावर आढळून आला नाही" असा शेरा गेला, तर तिकडे पासपोर्ट लटकतो.

जन्माचा आणि लग्नाचा दाखला आज लागत नाही, पण पुढे लागेल. उद्या पोराचं लग्न होईल, सून तिकडे जायची म्हणेल. ग्रामसेवकाकडून मिळालेल्या दाखल्यात, शाळेच्या टीसीत आणि पासपोर्टमध्ये नाव एकच आहे का, हे आत्ता निवांतपणे पाहून ठेवा. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या वहीत एक नाव आणि गुरुजींनी शाळेत घातलेलं दुसरं, हे घरोघरी आहे. भारत २००५ मध्ये अपॉस्टिलच्या (दाखला परदेशात चालावा म्हणून त्यावर घ्यायच्या सरकारी शिक्क्याच्या) हेग करारात गेला, पण जर्मनीनं भारताबाबत हरकत नोंदवलेली असल्यामुळे भारतीय अपॉस्टिल तिकडे चालत नाही. त्यांना गरज वाटली तर त्यांचा दूतावास स्वतः पडताळणी करवतो, आणि ती गावच्या मूळ नोंदवहीपर्यंत येऊ शकते. तेव्हा एजंटानं "अपॉस्टिल करून देतो" म्हटलं, तर जर्मनीसाठी ते पैसे पाण्यात. वहीतली नोंद बरोबर असणं महत्त्वाचं.

लग्नाच्या खर्चासाठी जमिनीचा व्यवहार किंवा कर्ज करणार असाल आणि सातबाऱ्यावर पोराचंही नाव असेल, तर त्या सहीसाठी त्याला बोलावू नका. भारतीय दूतावासात जाऊन तो तुमच्या नावे मुखत्यारपत्र करून देऊ शकतो. मूळ कागद इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत जिल्ह्याच्या मुद्रांक कार्यालयात त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं, म्हणजे दुय्यम निबंधकाकडे अडचण येत नाही. पाकिटावरची टपालाची तारीख दिसेल असं ते पाकीट जपून ठेवा.

लग्नाची तारीख कार्डाला बांधू नका. मुहूर्त धरलाय तो धरलाय. तुम्ही आणि पोरानं मिळून मनाशी एक तारीख ठरवा, निघायच्या साधारण तीन आठवडे आधीची. तोवर तिसऱ्या चौकोनाचा दाखला हातात आला तर तिकीट, नाही आला तर या वेळी नाही. मग कानपिळीचा मान चुलतभावाला द्या आणि पोराला तसं आधीच सांगा, म्हणजे तो शेवटच्या आठवड्यात भावनेच्या भरात चुकीच्या कागदावर विमानात बसणार नाही. असं विमानात बसलेल्यांचे फोन मला परतीच्या विमानतळावरून आले आहेत आणि तेव्हा कोणालाच काही करता येत नाही. आजी आजारी आहे किंवा कोणी गेलं अशी वेळ असेल, तर ऑफिस तातडीची भेट देऊ शकतं. लग्नासाठीही देतात, पण ते आधीपासून मागावं लागतं, आदल्या दिवशी नव्हे.

आला तर दहा-बारा दिवसांतच परत जाऊ द्या. सलग सहा महिने देशाबाहेर राहिलं तर परवाना कायद्यानं संपतो. तेवढा तो राहणार नाही हे मलाही माहीत आहे, पण निर्णय त्याच्या पाठीमागे होऊ नये, आणि दाखल्याची मुदतही फार लांबची नसते.

मला काही दाखवायचं असेल तर पोराकडून चार फोटो मागवा: दाखल्याचं तिसरं पान, त्याच्या मुदतीची तारीख असलेलं पान, जुन्या कार्डाची मागची बाजू, आणि अर्जाची पोच, जिच्यावर तारीख दिसते. पासपोर्टचा आणि कार्डाचा क्रमांक अंगठ्यानं झाकून फोटो काढायला सांगा, आणि तेच फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नका.